'एरिया' म्हणजे नेमका कोणता?

समजा, नांदेड किंवा लातूरच्या बाजारातील गाळ्याची जाहिरात आली : 'एरिया ३०० चौरस फूट, दर ४,००० रुपये.' हिशेब १२ लाखांचा. पण ताबा घेऊन टेप लावला की आत भरतात २१०च फूट! मग शिलाई मशीन कुठे ठेवायची आणि कपाट कुठे?

ही फसगत 'एरिया' या एका शब्दामुळे होते. 'कार्पेट' म्हणजे भिंतींच्या आतली, सतरंजी अंथरता येईल अशी जागा. 'बिल्टअप'मध्ये भिंतींची जाडी धरतात. 'सुपर बिल्टअप'मध्ये जिना, लिफ्ट, मोकळी वाट यांचा हिस्साही येतो. वरच्या गाळ्याचा दर वापरातल्या जागेवर काढला तर फुटाला सुमारे ५,७१४ रुपये पडतो.

२०१६ च्या रेरा कायद्याने 'कार्पेट एरिया'ची व्याख्या ठरवून दिली आहे. ती दुकान आणि गोदामालाही लागू आहे. या कायद्याखालील प्रकल्पात कराराची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

तेव्हा बांधवांनो, आयुष्यभराची कमाई गुंतवताना घाई करू नका. बयाणा देण्यापूर्वी 'कार्पेट किती?' हे विचारा, उत्तर लेखी घ्या आणि जागा स्वतः मोजा.