डीएपीचं पोतं आणि चीनची कागदपत्रं वाचणारी माणसं

भातलावणीच्या दिवसांत डीएपी मिळालं नाही की आपण दुकानदाराला बोल लावतो. कधी दोष त्याचाही असतो. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने खत बाहेर पाठवण्याआधी जादा तपासणी सक्तीची केली, आणि तिथून येणारा माल घटला. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त डीएपी आपण बाहेरून आणतो, आणि चीन त्यातला मोठा पुरवठादार होता. पुढच्या वर्षी सरकारने अनुदान वाढवून पोत्याचा भाव १३५० रुपयांवर धरून ठेवला, ते बरंच झालं. पण अनुदानाने पोतं दुकानात येत नाही.

असा बदल वेळेत हेरणारी माणसं असतात, त्यांना चीनचे अभ्यासक म्हणतात. दर मार्चमध्ये बीजिंगला पंतप्रधान सरकारच्या कामाचा अहवाल वाचतात. अभ्यासक तो मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवतात. कोणता शब्द नवा आला, कोणता गळला? २०२० साली, करोनाच्या वर्षी, वाढीचा आकडाच दिला नव्हता. न दिलेला आकडाही खूप सांगतो. मग जकात खात्याचे दर महिन्याचे आकडे बघायचे: कोणाला किती माल गेला. गटाच्या बैठकीत कोण काय बोललं यापेक्षा आपण हप्त्याचं रजिस्टर बघतो, तसंच हे. आणि मोजणीही वेगळी. चिनी भाषेत लाख नाही, दहा हजारांचा 'वान' आणि दहा कोटींचा 'यी'. एक शून्य चुकलं की सगळा अंदाज फसतो.

आपल्या मराठी माणसांनी हे काम केलंय. वसंत परांजपे १९४७ साली चीनला शिकायला गेले आणि पुढे नेहरू व चिनी नेत्यांच्या बोलण्यात दुभाषी झाले. चिनी जाणणारे विजय गोखले २०१६-१७ मध्ये तिथे राजदूत होते, नंतर परराष्ट्र सचिव झाले. चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो, यावर त्यांनी २०२१ साली 'द लाँग गेम' हे पुस्तक लिहिलं.

घरी कोकणा, शाळेत मराठी, मग इंग्रजी, अशा तीन भाषा आपल्या पोरी सांभाळतातच. चौथीला काय भ्यायचं? मात्र नुसती भाषा पुरत नाही, जोडीला अर्थशास्त्र हवं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेत बीए करता येतं. त्यासाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो.