झिप, पिंगपाँग आणि हिकप

इंग्रजीतले कितीतरी बोलीतले शब्द नुसत्या आवाजावरून आले आहेत. ‘झिप’ हा मुळात हवा कापत जाणाऱ्या गोळीचा सूंऽऽ आवाज; एकोणिसाव्या शतकात तो रूढ झाला. दोन पट्ट्यांचे दात एकमेकांत अडकवणाऱ्या बंदाचं पेटंट गिडियन सुंडबॅक यांना १९१७ मध्ये मिळालं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘सेपरेबल फासनर’. असलं नाव कोणाच्या तोंडी बसणार? १९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीने हा बंद लावलेले रबरी बूट ‘झिपर’ म्हणून बाजारात आणले. नाव बुटाचं, चिकटलं मात्र बंदाला. मराठी शिंपी मात्र त्याला ‘चेन’च म्हणतो.

‘पिंगपाँग’मध्ये पोकळ चेंडूची बॅटवरची आणि टेबलावरची टकटक ऐकू येते. इंग्लंडमध्ये १९०१ च्या सुमारास हे नाव ट्रेडमार्क झालं, त्यामुळे संघटनांनी ‘टेबल टेनिस’ पसंत केलं. १९२६ चा आंतरराष्ट्रीय महासंघही त्याच नावाचा.

‘हिकप’ म्हणजे उचकीचा हुबेहूब आवाज. पुढे कोणा अतिशहाण्यांनी त्याच्या शेवटी खोकल्याचं, म्हणजे ‘कफ’चं स्पेलिंग डकवलं. उचकीचा खोकल्याशी काडीचा संबंध नाही, पण ते स्पेलिंग शब्दकोशांत टिकून आहे. उच्चार मात्र ‘हिकप’च राहिला.