शिशिराचे उतरते दिवस

शिशिर म्हटला की आपणा वैद्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम कास-श्वासाचे रुग्ण उभे राहतात आणि औषधालयांना सितोपलादि चूर्णाच्या मागणीची आठवण होते. व्याधींच्या निमित्तानेच ऋतूकडे पाहण्याची ही सवय आता अंगवळणी पडली आहे. सुश्रुताचार्यांनी मात्र ऋतुचर्याध्यायात प्रत्येक ऋतूतील वारा, दिशा, वृक्ष यांचे वर्णन केले आहे. ते वाचताना रसिकाला जेवढा आनंद होतो, तेवढाच त्याचा चिकित्सकाला उपयोग आहे.

माघाचा उत्तरार्ध घ्या. सोलापूरकडील माळरानावर पहाटे बोटे आखडतात आणि दुपारी सदरा नकोसा होतो. या पहाटेच हरभऱ्याच्या शेतातून चालावे. पानांवरील दवात आंब उतरलेली असते. रात्री पिकावर स्वच्छ धूतवस्त्र पसरून सूर्योदयापूर्वी ते पिळले की चणकाम्ल मिळते. त्यात मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असतात. निघंटूंनी ते दीपन सांगितले आहे. काचेच्या अथवा मातीच्या भांड्यात ते वर्षभर जपणारी घरे आता थोडी उरली आहेत. विकतच्या आंबेची खात्री देणे अवघड, तेव्हा औषधालयचालकांनी एकदा स्वतःच ती धरून पाहावी. ओठांना झोंबणारी ती चव विसरता येत नाही.

बांधावर आगटी पेटलेली असेल, तर हुरडा नाकारू नये. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले गूळभेंडीचे कणीस हातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकावेत. नवधान्य गुरू व कफकर हे खरे. पण शिशिरातील बलवान अग्नी ते पेलतो. सोबत दह्याचा वाडगा रिचवणे मात्र मला मान्य नाही!

तोवर पळसाची पाने झडू लागलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर काळसर मखमली कळ्या धरतात. त्या उमलल्या की पोपटाच्या चोचीसारख्या त्या केशरी फुलांकडे पाहून ‘किंशुक’ म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ या नावाची गंमत कळते. काटेसावरही याच सुमारास फुलते.

वाग्भटाचार्यांच्या मते कफाचा संचय शिशिरात आणि प्रकोप वसंतात होतो. सुश्रुतांच्या वसंतवर्णनात किंशुक आणि आम्र आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. २०२३ चा फेब्रुवारी महिना सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने देशात १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण ठरला. अशा वर्षी पंचांगात शिशिर असतो आणि रुग्णाच्या छातीत कफ पातळ होऊ लागलेला असतो. ऋतुसंधीचे चौदा दिवस केवळ तिथीवरून मोजले, तर स्निग्ध-गुरू आहार क्रमाने कमी करण्यास आणि वमनाची पूर्वतयारी करण्यास उशीर होतो. म्हणून वासंतिक वमनाच्या तारखा देण्यापूर्वी गावाबाहेरचा पळस एकदा पाहून यावा. सकाळी लवकर गेल्यास फुलांतील मधासाठी भांडणाऱ्या साळुंक्याही दिसतील.