काम नाही, तरी सवड नाही

दुग्धशाळेत दुधाचे पाश्चरीकरण करताना ते किमान ७२ अंश सेल्सिअस तापमानाला किमान १५ सेकंद ठेवतात. दूध तेवढे तापले होते, हे नुसते सांगून भागत नाही. त्याची नोंद दाखवावी लागते. पूर्वी गोल फिरणाऱ्या कागदावर शाईची लेखणी ही नोंद करी. आता हे काम बहुधा संगणकाकडे असते. उपकरणांना ठरावीक वेळाने वाचन विचारायचे आणि ते वेळेसह साठवायचे, एवढेच त्या सॉफ्टवेअरचे काम. पण नोंदीत वीस मिनिटांची पोकळी राहिली, तर त्या वीस मिनिटांतील दुधाबद्दल कोणालाच खात्री देता येत नाही. औषधांचे कारखाने, शीतगृहे, वीजकेंद्रे यांनाही हेच लागू आहे.

अशा सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी एक चमत्कारिक बिघाड होतो. पडद्यावरील आकडे गोठतात. सारीच उपकरणे बंद पडल्यासारखी दिसतात. संगणकावर कामाचा फार ताण आला असेल म्हणून पाहावे, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा! काम नाही, तरी सवड नाही. या बिघाडाचे कारण समजावून घेण्यासाठी आधी थ्रेड म्हणजे काय ते पाहू.

खिडक्या आणि रांग

थ्रेड म्हणजे धागा. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी प्रत्येक काम एका थ्रेडवर चालते. प्रत्येक कामासाठी नवा थ्रेड निर्माण करणे महाग पडते. विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडसाठी साधारणपणे १ मेगाबाइट स्मृतीची जागा राखून ठेवली जाते. म्हणून काही थ्रेड आधीच तयार ठेवतात. त्यांच्या संचाला थ्रेड पूल म्हणतात. काम आले की मोकळा थ्रेड ते उचलतो आणि संपवून पुन्हा मोकळा होतो. एकही मोकळा नसेल, तर काम रांगेत थांबते.

पोस्टातल्या खिडक्यांसारखीच ही व्यवस्था आहे. समजा, एका खिडकीवरचा कारकून एका कागदावर साहेबांची सही येण्याची वाट पाहत बसला आहे. तो काम करत नाही. पण त्याची खिडकीही मोकळी नाही. सगळ्याच खिडक्यांवर असे झाले, तर पोस्टात कोणी काम करत नसताना रांग मात्र दारापर्यंत जाईल. थ्रेड पूल संपतो तो असा. थ्रेड राबून दमत नाहीत, वाट पाहण्यात अडकतात.

थोडे गणित

रांगांचे शास्त्र टेलिफोनमुळे पुढे आले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली या विषयावरील आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. पुढे १९६१ साली अमेरिकेतील जॉन लिटल यांनी एका सोप्या नियमाची सिद्धता दिली. आपल्या प्रश्नापुरता तो असा मांडता येईल:

गुंतलेले थ्रेड = दर सेकंदाला येणारी कामे × एका कामाला लागणारा सरासरी वेळ

आम्ही पुढे घेतलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. एका कारखान्यात २०० उपकरणे आहेत. प्रत्येकाला दर सेकंदाला एकदा वाचन विचारले जाते आणि उत्तर ०.०२ सेकंदात येते. म्हणजे सरासरी २०० × ०.०२ = ४ थ्रेड गुंतलेले राहतात. पूलमध्ये २५ थ्रेड आहेत. सारे कसे आरामात चालले आहे.

आता एक केबल तुटते आणि १० उपकरणे गप्प होतात. उत्तर आले नाही तर ३ सेकंद वाट पाहायची, असे सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेले आहे. या दहा उपकरणांसाठीच १० × ३ = ३० थ्रेड लागतील. उरलेल्या १९० साठी सुमारे ४. एकूण गरज ३४ थ्रेडची, आणि आहेत फक्त २५!

परिणाम पाहा. सरासरी काम आता ०.१६९ सेकंदाचे झाले. म्हणून २५ थ्रेड सेकंदाला सुमारे १४८ कामे उरकतात, येतात २००. दर सेकंदाला ५२ कामे मागे पडतात. तासाभरात रांगेत १ लाख ८७ हजारांच्या आसपास कामे साचतात आणि नव्या कामाची पाळी यायला २१ मिनिटे लागतात. बिघडली दहा उपकरणे, अडकली दोनशेही.

याहून घातक गोष्ट पुढेच आहे. वाचनाला वेळ कोणती लावली जाते? काम रांगेत घातले तेव्हाची वेळ लावली, तर २१ मिनिटांनंतरचे तापमान आधीच्या वेळेसमोर लिहिले जाईल. नोंद अखंड दिसेल, पण खोटी असेल. पोकळी निदान डोळ्यांना दिसते. ही चूक दिसतही नाही.

निदान कसे करावे?

तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत: प्रोसेसरचा वापर, गुंतलेले थ्रेड आणि रांगेची लांबी. प्रोसेसर पूर्ण व्यापलेला असेल, तर काम खरोखरच जास्त आहे. पण प्रोसेसर रिकामा, थ्रेड सगळे गुंतलेले आणि रांग वाढती असेल, तर थ्रेड कशाची तरी वाट पाहत आहेत हे नक्की.

कशाची, ते पाहण्यासाठी सर्व थ्रेडचे क्षणचित्र घेता येते. जावा भाषेतील प्रोग्रॅमसाठी 'जेस्टॅक' नावाचे साधन हेच करते. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन क्षणचित्रे घ्यावीत. तिन्हींत बहुतेक थ्रेड एकाच ओळीवर उभे दिसले, तर दोष तिथेच शोधावा. कधी ती ओळ उपकरणाशी बोलण्याची असते, कधी मंदावलेल्या डेटाबेसची. कधी तर वाचन करणारे सगळे थ्रेड आपापली नोंद लिहून होण्याची वाट पाहतात, आणि लिहिण्याचे काम त्याच पूलच्या रांगेत मोकळ्या थ्रेडची वाट पाहत असते. ही गाठ आपोआप कधीच सुटत नाही.

थ्रेड वाढवले तर?

पहिला विचार हाच सुचतो. वरच्या उदाहरणात २५ चे ५० थ्रेड केले, तर ३४ ची गरज भागेल. पण २० उपकरणे गप्प झाली की ६४ लागतील. म्हणजे बिघाड टळला नाही, पुढे ढकलला गेला.

शिवाय थ्रेडच्या संख्येलाही मर्यादा असते. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियामध्ये ॲमेझॉनची 'किनेसिस' ही सेवा कोलमडली. सतत येणारी माहिती स्वीकारणे हे तिचे काम. तिच्या दर्शनी फळीतील प्रत्येक सर्व्हर त्या फळीतील इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड ठेवत असे. त्या पहाटे क्षमता वाढवण्यासाठी काही सर्व्हर जोडले गेले. त्यामुळे सगळ्याच सर्व्हरवरील थ्रेड वाढले आणि ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली. सेवा पूर्ववत व्हायला तिथली मध्यरात्र उलटून गेली. इतर सेवांवर देखरेख ठेवणारी यंत्रणाही किनेसिसवर अवलंबून असल्याने तीही अडखळली. यावर ठरलेला एक उपाय होता कमी संख्येचे, पण मोठे सर्व्हर वापरण्याचा.

खरे उपाय

पहिला उपाय, वाट पाहण्याला लहान मर्यादा घालणे. ०.०२ सेकंदात उत्तर देणाऱ्या उपकरणासाठी ३ सेकंद थांबण्याची गरज क्वचितच असते. दुसरा, सलग तीनदा उत्तर न देणाऱ्या उपकरणाला मिनिटातून एकदाच विचारणे. मग दहा गप्प उपकरणांना १० ÷ ६० × ३ = ०.५, म्हणजे सरासरी अर्धाच थ्रेड पुरतो! तिसरा, प्रत्येक विभागासाठी वेगळा पूल ठेवणे. जहाजाच्या तळाशी पाणबंद कप्पे असतात. एकात पाणी शिरले तरी जहाज तरंगते, तसेच हे. चौथा, रांगेच्या लांबीला मर्यादा घालणे, वाचन प्रत्यक्ष मिळाले त्या क्षणाची वेळ लिहिणे, आणि ते मिळाले नाही तर 'वाचन मिळाले नाही' अशी स्पष्ट नोंद करणे. शास्त्रीय नोंदवहीत कोरी जागा लाजिरवाणी नसते. अंदाजाने भरलेली जागा मात्र घातक असते.

वर्गात करून पाहा

पाच विद्यार्थ्यांना थ्रेड करा. दर दोन सेकंदांनी बेरजेची एक चिठ्ठी टेबलावर ठेवा. एका बेरजेला सुमारे चार सेकंद लागावीत. दोनच विद्यार्थी गुंतलेले दिसतील. आता दर पाचव्या चिठ्ठीवर 'थांबा' लिहा. ती ज्याला मिळेल त्याने ४० सेकंद नुसते उभे राहायचे. काही मिनिटांत टेबलावर चिठ्ठ्या साचू लागतील. मग नियम बदला: 'थांबा'च्या चिठ्ठ्या एकाच विद्यार्थ्याने घ्यायच्या, तो अडकलेला असेल तर चिठ्ठीवर 'वाचन मिळाले नाही' असे लिहून ती बाजूला ठेवायची. रांग नाहीशी होईल. विद्यार्थी वाढवले नाहीत, तरी असे का झाले, हे लिटल यांच्या नियमाने मुलांनाच काढू द्या.