नाकातला मोती आणि नाकावरचा चिमटा

आजीची नथ मुलुंडच्या आमच्या घरात लग्नकार्यापुरतीच कपाटाबाहेर येते. तिच्यातले मोती ‘बसरा’, एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. बसरा हे इराकचं बंदर. मोत्यांच्या व्यापारामुळे त्याचं नाव मोत्याला चिकटलं. शिंपले मात्र बहरीन, कुवेत, कतारकडच्या उथळ समुद्रातले. त्या मोत्यांचं माहेर बघायला मी सहारच्या विमानतळावरून मुहर्रकला गेले. बहरीनचा विमानतळ याच गावात आहे.

प्रवाळी दगड आणि चुन्यात बांधलेलं हे जुनं गाव. त्यातल्या १७ वास्तू, बू माहिरचा किल्ला, किनाऱ्याचा एक तुकडा आणि समुद्रातली शिंपल्यांची तीन क्षेत्रं यांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा ठरवलं. किल्ल्यापासून निघणारी वाट गल्लीबोळांतून सियादी या मोती-व्यापारी घराण्याच्या वाड्यापर्यंत जाते. वाटेवरच्या खांबांवर मोत्यासारखे गोल पांढरे दिवे आहेत. वाटेत पाणबुड्याचं घर लागतं, ‘नुखिदा’चंही लागतं. नुखिदा म्हणजे नावेचा प्रमुख. वेसाव्याचे कोळी ‘नाखवा’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ.

हंगाम जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, ऐन उन्हाळ्याचा. पाणबुड्या नाकावर चिमटा लावी, गळ्यात जाळीची टोपली अडकवी आणि दोरीला बांधलेल्या दगडावर पाय रोवून तळाशी जाई. मिनिटभराच्या श्वासात हाताला लागतील तेवढे शिंपले खुडायचे आणि दोरीला हिसका द्यायचा. वर उभा असलेला ‘सैब’ त्याला ओढून घेई. दिवसभर हेच, पुन्हा पुन्हा. नावेवर गाणाराही असे. त्याच्या ‘फिजिरी’ गाण्यांवर वल्ही चालत. बहुतेक शिंपले रिकामेच निघत.

पाणबुड्याला हंगामाआधी उचल मिळे. हिशेब नुखिदाच्या हाती, त्यामुळे कर्ज फिटत नसे. बाप गेला की ते मुलाच्या डोक्यावर येई. १९२०च्या दशकात बहरीनमध्ये सुधारणा झाल्या, हिशेबाच्या वह्या आल्या.

हंगाम संपला की मोती मुंबईला येत. झवेरी बाजाराजवळच्या मोती बाजारात आकार, रंग आणि पाणी पारखून त्यांची निवड होई. इथेच ते विंधले जात, सरांत ओवले जात आणि युरोपपर्यंत पोचत. आखाती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, आणि बहरीनमध्ये १९६५ पर्यंत रुपया चाले. आखातासाठीच्या वेगळ्या नोटा १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनेच काढल्या होत्या.

पुढे जपानच्या मिकिमोतोंचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ची जागतिक मंदी आली आणि १९३२ साली बहरीनमध्ये तेल सापडलं. तरुण नावा सोडून तेलाच्या कामावर गेले. तरी बहरीनने संवर्धित मोत्यांच्या विक्रीला आपल्या देशात बंदी ठेवली. आज तिथली ‘दनात’ ही संस्था क्ष-किरणांनी मोत्याच्या आतले थर तपासते.

घरी परतल्यावर मी नथ हातात घेतली. नाकात मिरवायच्या या मोत्यासाठी कुणीतरी आपलं नाक चिमट्याने बंद केलं होतं. त्याचं नाव कुठल्याच पावतीवर नाही. आता लेकीला ही नथ देताना मी सोन्याचं वजन सांगणार नाही. मुहर्रकच्या त्या मिनिटभराच्या श्वासाची गोष्ट सांगेन.