विश्लेषण : दुबईतला वीकेंड नेमका कुणाचा?

मौद्याहून कन्हान ओलांडून भंडारा रोडने नागपूर, तिथून शारजाचे थेट विमान आणि पुढे साधारण साडेतीन-चार तासांचा प्रवास. मुंबईला रेल्वेने जाण्याहून कमी वेळात आखात गाठता येते. त्यामुळे गावातला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा अकाउंटंट तरुण तिकडे गेला की, महिनाभरात त्याचे अबऱ्यातले, सोन्याच्या बाजारातले, समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो स्टेटसवर झळकू लागतात. फोटो खरेच असतात. पण ते आठवड्यातल्या कोणत्या दिवशीचे आणि किती दिवसांच्या सुट्टीतले, हे त्यातून कळत नाही.

सुट्टी शुक्रवारी की रविवारी?

संयुक्त अरब अमिरातीत २००६ पासून शुक्रवार-शनिवार अशी सरकारी सुट्टी होती. १ जानेवारी २०२२ पासून सरकारने शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी साडेचार दिवसांच्या आठवड्याची पद्धत सुरू केली. जगाच्या बाजारपेठांशी वेळ जुळावी, हा त्यामागचा हेतू. शेजारच्या शारजाने आणखी पुढचे पाऊल टाकत सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तिन्ही दिवस सुट्टी दिली.

हे सगळे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. खासगी कंपन्यांवर असा नियम नाही. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार आठवड्याला किमान एक दिवस पगारी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक आहे. कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ पेक्षा जास्त नसावेत. म्हणून बँकेतल्या किंवा आयटीतल्या मराठी कुटुंबाचा ‘वीकेंड’ शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो आणि बांधकामावरच्या तरुणाला एकच दिवस मिळतो, बहुतेकदा रविवार.

सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले तर?

बदली सुट्टी द्यावी लागते किंवा त्या दिवसाचा पगार आणि वर मूळ पगाराच्या किमान ५० टक्के जादा रक्कम. यातला ‘मूळ पगार’ हा शब्द महत्त्वाचा. एजंट गावात सांगतो तो आकडा बहुधा राहण्या-खाण्याचे भत्ते धरून असतो. करारपत्रात मूळ पगार त्याहून बराच कमी निघाला, तर जादा कामाचे पैसेही त्याच कमी आकड्यावर मोजले जातात. रोजंदारीवरचे कामगार वगळता सलग दोनपेक्षा जास्त साप्ताहिक सुट्ट्यांना कामावर बोलावता येत नाही, असेही कायदा सांगतो. निघण्यापूर्वी पगाराची चौकशी सगळेच करतात. आठवड्याला सुट्टी किती, ती कोणत्या वारी आणि राहण्याची सोय शहरापासून किती लांब, हे फार थोडे विचारतात. तिथला एकटेपणा मात्र या तीन उत्तरांवरच ठरतो.

मग एका दिवसात काय पाहता येते?

बरेच काही, आणि तेही स्वस्तात. दुबईची गंमत अशी की, तिचा महागडा भाग जगाला ठाऊक आहे आणि स्वस्त भाग तिथे राहणाऱ्यांना. खाडीच्या एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधली खाडी ओलांडायला लाकडी होडी, म्हणजे अबरा. भाडे एक दिरहम, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. देराच्या बाजूला मसाल्यांचा बाजार. तिथे हळद, वेलची, सुके लिंबू आणि केशराची पोती-बरण्या दुकानाबाहेर मांडलेल्या. चार गल्ल्या पुढे सोन्याचा बाजार. घ्यायचे नसले तरी बघायला पैसे पडत नाहीत.

बर दुबईच्या बाजूला उतरले की डावीकडे-उजवीकडे हिंदी ऐकू येते. मीना बाजारात साड्या, कपडे, दागिन्यांची दुकाने. जवळच अल फहिदीची जुनी वस्ती. तिच्या घरांवरचे चौकोनी मनोरे शोभेचे नाहीत. वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायची ती वीज येण्यापूर्वीची सोय. विदर्भातला माणूस इथे थोडा वेळ थांबतोच. वाळ्याच्या कूलरवर उन्हाळे काढलेल्याला ही युक्ती लगेच समजते. मात्र कूलर तिकडे चालायचा नाही. नागपूरचे ऊन कोरडे, दुबईचे दमट. पाण्याने हवा गार होण्याची सोयच नाही. म्हणून भटकंतीचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. एरवी सूर्य मावळल्यावर बाहेर पडायचे.

बर दुबईत १९५८ पासूनचे मंदिरही होते. त्यातले शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जेबेल अलीला हलवले गेले. तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये नवे मोठे मंदिर उघडले होते. जागा प्रशस्त झाली, पण दर्शन घेऊन तसेच अबऱ्यात बसायचा जुना क्रम मोडला.

मेट्रोसाठी ‘नोल’ कार्ड घ्यावे लागते. साध्या डब्याचे किमान भाडे ३ दिरहम. महिला आणि मुलांच्या डब्यात चुकून शिरलेल्या पुरुषाला किंवा डब्यात खाताना-पिताना सापडलेल्याला १०० दिरहम दंड. नव्याने आलेल्यांचा पहिला धडा बहुधा हाच असतो.

शारजात राहणाऱ्याचे काय?

शारजात घरभाडे कमी म्हणून दुबईत नोकरी आणि शारजात घर असा हिशेब हजारो जण करतात. शारजाला मेट्रो नाही. दुबईच्या युनियन स्थानकावरून बस मिळते, पण दोन शहरांमधल्या अल इत्तिहाद रस्त्यावरची कोंडी प्रसिद्ध आहे. मात्र सुट्टी शारजातच काढायची तर खालिद सरोवराच्या काठचा अल मजाझचा परिसर मोकळा आहे, चालायला फुकट आहे. या अमिरातीत मद्यबंदी आहे, त्यामुळे संध्याकाळी कुटुंबांची गर्दी असते.

मराठी माणसाला शारजा आठवते ती क्रिकेटमुळे. एप्रिल १९९८ मध्ये वाळूच्या वादळाने मध्येच थांबलेल्या सामन्यात सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा केल्या आणि दोनच दिवसांनी, २४ तारखेला, म्हणजे आपल्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. ते मैदान अजून आहे. बाहेरून फोटो काढणारे चाळिशीतले गृहस्थ हमखास दिसतात.

रोल्ला हे नाव मात्र क्रिकेटपटूंपेक्षा कामगारांच्या तोंडी जास्त. रोल्ला म्हणजे वड. जुना वड आता नाही, चौकात त्याची आठवण म्हणून स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी या परिसरात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी मंडळी गावाकडच्या पारावर जमावीत तशी जमतात. कुणी काही विकत घेत नाही. भाषा कानावर पडावी, ओळखीचे कुणी भेटावे, एवढ्यासाठी येतात.

आणि ज्यांना शहर गाठताच येत नाही?

दुबईत कामगारांच्या एका मोठ्या वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. नाव सोन्याचे, पण सोन्याचा बाजार तिथून लांब. सुट्टीचा अर्धा दिवस कपडे धुणे, आठवड्याचे सामान आणणे आणि मनी एक्स्चेंजच्या रांगेत जातो. बाहेर पडायचे तर बसचा वेळ आणि भाडे दोन्ही मोजावे लागते. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते. अंगाला थोडा आराम मिळतो, पण फिरायला वेळ त्यातून मिळत नाही.

उरलेला वेळ फोनवर. व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल तिकडे सहसा लागत नाहीत, म्हणून आखातात माणूस असलेल्या घरांत ‘बोटिम’ नावाचे ॲप सापडते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे रात्रीचे नऊ वाजता जेवण उरकून फोन लावला, तर इथे साडेदहा झालेले असतात. लहान मुलांशी बोलायचे असेल तर तिकडे सातच्या आतच फोन करावा लागतो, आणि कामाच्या दिवशी त्या वेळी माणूस अनेकदा कंपनीच्या बसमध्येच असतो. त्यामुळे मुलांशी निवांत बोलणे होते ते आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी.