खाणीची कड आणि आषाढाचा पाऊस

धोका आणि जोखीम हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने येतात. खाणीत मात्र त्यांची फारकत करावी लागते. उंच कड हा धोका. ती ढासळण्याची शक्यता किती, तिच्याखाली माणसे किती वेळ असतात आणि ढासळल्यास इजा किती गंभीर, या तिन्हींना अंक देऊन गुणाकार केला की जोखीम मिळते. ज्या धोक्याचा गुणाकार मोठा, त्यावरचा उपाय आधी.

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव लोहखनिजाच्या उघड्या खाणींसाठी ओळखले जाते. कोकणातल्या अशा खाणीत पाऊस हा गुणाकार बदलून टाकतो. जांभा, माती आणि भुसभुशीत खनिज यांत पाणी मुरले की कडेचे वजन वाढते; त्याच वेळी कणांमधल्या पाण्याचा दाब त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतो. चैत्रात निर्धास्त उभी असलेली कड आषाढात तशीच राहील याची खात्री नसते. माथ्यावर भेग, पायथ्याशी फुगवटा, अचानक गढूळ झालेला झरा या तिच्या पूर्वसूचना. त्या दिसताच माणसे आणि यंत्रे आधी बाहेर काढायची, तपासणी नंतर.

धातू खाणींच्या 1961 च्या नियमावलीत मऊ जमिनीत कड पायऱ्यापायऱ्यांनी कापल्यास प्रत्येक पायरीची उंची दीड मीटरपर्यंत मर्यादित ठेवली आहे आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, असे म्हटले आहे. कड खालून पोखरण्यास तर मनाईच आहे. याला जोड हवी ती माथ्यावरच्या चराची, म्हणजे डोंगराचे पाणी खाणीत उतरण्याआधीच वळते.

खाणीतला दुसरा धोका डंपरचा. तो मागे घेताना चालकाला चाकामागचे दिसत नाही. तिथे पाटी लावणे स्वस्त, पण फारसे उपयोगाचे नाही. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी करणे अधिक चांगले. डंपरच्या वाटेच्या कडेला मातीचा भक्कम बांध हवाच. उपायांच्या क्रमात हेल्मेट शेवटी येते, कारण ते सुटा दगड झेलेल, ढिगारा नाही.

थोडक्यात हुकलेल्या अपघातांची नोंद हा जोखीम ओळखण्याचा अनेकदा दुर्लक्षित राहणारा भाग. औद्योगिक अपघातांचे अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 मध्ये एका गंभीर इजेमागे 29 किरकोळ इजा आणि 300 बिनइजेच्या घटना असे प्रमाण मांडले. त्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, पण हुकलेली घटना लिहून ठेवण्याची सवय टिकली.

काम थांबलेल्या खाणीतही हिशेब संपत नाही. खड्ड्यात पाणी साठते, काठ निसरडा होतो आणि कामगारांच्या जागी गुरे व पोहायला आलेली मुले येतात. तिथे कुंपण लागते, आणि ते दर पावसाळ्याआधी तपासावे लागते.